बाबांचा आवाज, सरांचा स्टॉल

डिसेंबर अर्धा सरला की ठाण्यात प्रदर्शनांचे फलक लागायला लागतात. आधी फर्निचरचं, मग नव्या घरांचं, मग लोणची-पापड-मसाल्यांचं, आणि सकाळी खाडीवर धुकं बसायला लागलं की कॉम्प्युटरचं. निळा फलक, त्यावर लॅपटॉप घेतलेली एक हसरी मुलगी. दर वर्षी मुलगी वेगळी, हसणं तेच. ऑफिसला जाताना रिक्षा सिग्नलला थांबली की मी त्या फलकाकडे बघत बसते आणि माझे दात आपोआप एकमेकांवर घट्ट बसतात.

थंडी आली की कुणाला हुरडा आठवतो, कुणाला गाजराचा हलवा. मला नव्या कार्पेटचा वास आठवतो. गोंदाचा, ताज्या छापलेल्या पत्रकांचा, एसीच्या गार हवेत मिसळलेल्या कॉफीचा वास. त्या वासाबरोबर एक दिवस आठवतो आणि त्या दिवसाबरोबर एक माणूस. मी त्या माणसावर सूड उगवला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण असल्या आठवणी लिहिणारे शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळे होतात, आणि वाचणाऱ्यांनी माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नये.

तेव्हा मी कल्याणच्या एका कॉलेजात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. आमचं घर डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला. बाबांची लहानशी होडी होती आणि आई बाजारात मासळी विकायची. पावसाळा संपून हवा कोरडी झाली की बाबांचे खरे दिवस सुरू व्हायचे. मी लहानपणापासून बघत आले होते की बाबा घड्याळाकडे न बघता उठतात, दारात उभे राहून वास घेतात आणि म्हणतात, "पानी आला." आणि पाणी आलेलं असायचं.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी त्यावरच काम करायचं ठरवलं. मुंबईच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापील मिळतात. पण समुद्राचं पाणी आमच्या खाडीपर्यंत आत यायला वेळ लागतो, आणि तो वेळ रोज सारखा नसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत वेगळा, अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं त्या भांगाच्या दिवसांत वेगळा. हे गणित कुठल्याही पुस्तकात नव्हतं, बाबांच्या डोक्यात होतं. नवरात्रापासून संक्रांतीपर्यंत, अख्खा हिवाळा, मी कॉलेजच्या आधी किंवा नंतर वही घेऊन बाबांबरोबर धक्क्यावर जाऊन बसायचे. ते चिखलातल्या एका खुंटाकडे बोट दाखवायचे, मी वेळ लिहायचे. पायाला गार चिखल लागायचा, समोर खारफुटीत बगळे उभे असायचे, आणि बाबा अधूनमधून विचारायचे, "मना कंला पायजे तुजा डबा? पानी मना सांगतं." मग स्वतःच उत्तर द्यायचे, "पन ही आताची पोरां. कंपनीत जातान न् सुट्टीला जालं टाकतान. त्यांना कोन सांगनार? त्यांना लागंल तुजा डबा."

डबा म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर बोर्ड, एक स्पीकर आणि एक लाल बटन. बटन दाबलं की भरती सुरू आहे की ओहोटी आणि किती वेळ उरलाय ते बोलून सांगणारा. लिहिलेलं वाचायची गरज नाही, मोबाइलला रेंजची गरज नाही. बोलण्यासाठी मी बाबांचाच आवाज घेतला. घरात रेकॉर्डिंग करताना बाहेरचे आवाज येऊ नयेत म्हणून खिडकीवर गोधडी टांगली होती. बाबा ताठ बसले, खोकले आणि पलीकडच्या काठावरच्या माणसाला हाक मारावी तसे ओरडले, "पानी भरतीला लागलंय! दोन तास हायेत!" आई दारात उभी राहून पदर तोंडात कोंबून हसत होती. मी मोबाइल पार स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेऊन ठेवला, तेव्हा कुठे आवाज नीट बसला.

निशिकांत सर आमचे प्रोजेक्ट गाईड. नेहमी इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं गोड. कॉलेजबाहेर त्यांची स्वतःची लहान कंपनीही होती. डबा चालताना बघून त्यांनी तो दोनदा-तीनदा दाबला आणि म्हणाले, "हर्षाली, हे फारच छान झालंय गं. माझ्याकडे ठेवून जा. एक्स्टर्नलना आधीच दाखवून ठेवतो, म्हणजे व्हायवाला तुला त्रास नको." मी डबा दिला. वही दिली. रेकॉर्डिंगचं मेमरी कार्ड मोबाइलमधून काढून डब्यातच घातलेलं होतं. देताना मला वाटलं, किती चांगले सर.

दोन आठवड्यांनी माझी मैत्रीण रूपाली ठाण्याच्या कॉम्प्युटर प्रदर्शनाचे फुकट पास घेऊन आली. आम्ही दोघी बसने गेलो. दारात गळ्यात अडकवायला हिरव्या पट्टीचं ओळखपत्र मिळालं, त्यावर "स्टुडंट" लिहिलेलं. मी इतकं मोठं, इतकं उजेडाचं काही आधी बघितलंच नव्हतं. छतापर्यंत स्क्रीन, बोट ठेवलं की हजेरी लावणारी यंत्रं, दुकानाच्या बिलांचं सॉफ्टवेअर, कॅमेरे, बघता बघता चहाचा कप बनवून दाखवणारा एक प्रिंटर. रूपाली पिशव्या आणि पेनं गोळा करत होती. मी प्रत्येक स्टॉलवर थांबून विचारत होते, "हे कसं चालतं?" ब्लेझर घातलेल्या मुली मला मॅडम म्हणत होत्या. एकवीस वर्षांच्या आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणीतरी मॅडम म्हणत होतं, आणि मी ठरवून टाकलं होतं की आपण इथेच यायचं, या बाजूला नाही, स्टॉलच्या त्या बाजूला.

आणि मग बाबांची हाक ऐकू आली.

"पानी भरतीला लागलंय! दोन तास हायेत!"

मी खरंच वळून बघितलं. मला वाटलं बाबा आलेत, मला शोधत आलेत, घरी काहीतरी झालंय. रूपालीने माझा हात धरला. दोन रांगा पलीकडे घोळका जमला होता आणि तो हसत होता. कुणीतरी पुन्हा बटन दाबलं, पुन्हा बाबा ओरडले, पुन्हा सगळे हसले. एका मुलाने तसाच आवाज काढून दाखवला. त्याला टाळ्या मिळाल्या.

डब्याला आता चकचकीत पांढरं कव्हर होतं. मागे सरांच्या कंपनीचं नाव होतं. ब्लेझर घातलेले सर एका पाहुण्याला समजावत होते की हे त्यांच्या दोन वर्षांच्या संशोधनाचं फळ आहे. मला बघून ते क्षणभरच थांबले. मग हसले.

"अरे, हर्षाली! ये, ये. ही माझी स्टुडंट बरं का. डेटा एंट्रीला खूप मदत केली हिने."

पाहुण्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "आणि हा आवाज? भलताच मजेशीर आहे."

"एक कलाकार घेतला आम्ही," सर म्हणाले. "जरा गावरान टोन हवा होता."

मी काही बोलले नाही. हे लिहितानाही मला त्या हिरव्या पट्टीच्या मुलीची चीड येते. रूपाली माझ्या कानात म्हणत होती, "बोल ना. अगं बोल ना काहीतरी." माझ्या डोक्यात एकच होतं, व्हायवाचे मार्क यांच्या हातात आहेत. मी मान खाली घालून बाहेर आले आणि पार्किंगमध्ये एका खांबाला धरून उभी राहिले.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "कसा व्हता मेला?"

"मोठा होता."

"मना न्यायची व्हतीस."

त्या तीन शब्दांवर मी सगळा बेत रचला. प्रदर्शनाचा दुसरा दिवस शेवटचा होता. मला बोलता येत नव्हतं, पण बाबांना येत होतं. खाडीच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाला शिवी ऐकू जाईल असा आवाज होता त्यांचा. मच्छी बाजारात एक दलाल आईला उलट बोलला म्हणून त्यांनी भर बाजारात त्याला टोपलीत बसवलं होतं, ती गोष्ट आमच्या वाड्यात अजून सांगतात. मी त्यांना काहीच सांगितलं नाही. फक्त नेणार होते. स्वतःचा आवाज ऐकतील, सर काय सांगतायत ते ऐकतील, आणि मग त्या ब्लेझरचं काय होतं ते मी बघणार होते. रविवारी बाबांनी लग्नातला पांढरा शर्ट घातला. बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि मी शेजारी बसून त्यांच्या जाड मनगटांकडे बघत होते. मला इतका आनंद झाला होता की लाज वाटावी.

स्टॉलपाशी तसाच घोळका होता. बटन दाबलं गेलं. बाबांचा आवाज आला, माणसं हसली. बाबा थांबले. त्यांनी डब्याकडे बघितलं, मागच्या पाटीकडे बघितलं, सरांकडे, हसणाऱ्या माणसांकडे आणि मग माझ्याकडे. सर कालचीच वाक्यं म्हणत होते, माझं संशोधन, माझी टीम.

बाबा पुढे झाले आणि त्यांनी हात जोडले.

"सर, मी हर्षालीचा बाप," ते म्हणाले, तेही हळू आवाजात. "पोर तुमच्याकडं शिकली. उपकार जालं."

सर आधी चपापले आणि मग त्यांना त्यातही फायदा दिसला. "अरे वा! हे प्रत्यक्ष मच्छीमार!" त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात टाकला, डबा बाबांच्या हातात दिला आणि फोटो काढून घेतला. पुढे तो फोटो त्यांच्या कंपनीच्या पत्रकावर आला. पांढऱ्या शर्टातले बाबा कुणाच्यातरी मेहेरबानीने खूश झाल्यासारखे हसतायत.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "बाबा, तुम्हाला कळलं नाही का?"

"काय?"

"काही नाही."

त्यानंतर मी बाबांना माझ्या कामातलं काही सांगणं बंद केलं. शिकलेल्या माणसापुढे हात जोडणारा साधाभोळा बाप, अशी एक चौकट मी त्यांच्याभोवती घातली आणि वर्षानुवर्षं त्यांना तिच्यातच बघितलं. सरांनी मला व्हायवात उत्तम मार्क दिले. तेही मी कधी विसरले नाही. डबा मात्र परत मिळाला नाही, आणि मेमरी कार्डही. विचारलं तर म्हणाले, "अगं, फॉरमॅट झालं असेल ते." चार वर्षांपूर्वी बाबा गेले. दहाव्याला घरातल्या सगळ्यांचे मोबाइल शोधले, एकाही मोबाइलमध्ये त्यांचा आवाज नव्हता. त्यांना मोबाइलवर बोलायला आवडायचं नाही. त्या दिवशी मला जाणवलं की माझ्या बापाचा आवाज जगात फक्त एका माणसाकडे आहे, आणि तो त्याचा धंदा करतोय.

मी आता ठाण्यात एका कंपनीत नोकरी करते. दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम. या कामाला लागतो तसला चिवटपणा माझ्यात आधी नव्हता, तो सरांमुळे आला. चूक सापडली की आरडाओरडा करायचा नाही, आधी पुरावा गोळा करायचा. या हिवाळ्यात त्या निळ्या फलकावर वक्त्यांचे फोटो होते आणि त्यात सर होते. केस पांढरे झालेले, हसणं तेच. बोलणाऱ्या यंत्रांवर त्यांचं व्याख्यान होतं आणि त्यांच्या डब्याचं नाव प्रदर्शनाच्या पुरस्काराच्या यादीत होतं.

मी एक दिवस रजा टाकून कल्याणला कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक प्रोजेक्टची एक बांधीव प्रत तिथे ठेवतात, काळ्या कापडात, सोनेरी अक्षरांत. ग्रंथपाल मॅडमनी कपाटाच्या तळातून माझी काढून दिली आणि फडक्याने पुसली. पहिल्याच पानावर प्रमाणपत्र होतं. प्रत्येक प्रोजेक्टला असतं, कुणी वाचत नाही. हा प्रकल्प या विद्यार्थिनीने स्वतः तयार केलेला असून ते तिचं मूळ काम आहे, असं गाईडने लिहून द्यायचं असतं. खाली सरांची लफ्फेदार सही. पन्नास जणांच्या गठ्ठ्यात न बघता केलेली. मी फोटो काढला आणि कपाटाला टेकून बराच वेळ हसले. मॅडमना वाटलं, जुन्या दिवसांच्या आठवणीने हसतेय.

व्याख्यानाला सभागृह भरलेलं होतं. सरांनी डबा वाजवला. बाबा बोलले. यावेळी कुणी हसलं नाही, आवाज बराच स्वच्छ केला होता, खोकला काढून टाकला होता. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा मी त्यांना ऐकत होते. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले.

"सर, हा आवाज कुणाचा आहे?"

त्यांनी ओळखलं नाही. "स्थानिक कलाकार आहेत एक."

"त्यांचं नाव?"

"आता इतक्या वर्षांनी..."

"मी सांगते," मी म्हणाले, आणि बाबांचं पूर्ण नाव सांगितलं, डोंबिवलीच्या खाडीवरचे मच्छीमार म्हणून सांगितलं. मग छापून आणलेल्या फोटोवरून प्रमाणपत्र वाचलं. इंग्रजीतलं होतं, मी मराठीत वाचलं, सावकाश, शेवटी सही कुणाची तेही. माझा आवाज चढला नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या आयोजकांपैकी एका बाईंनी हात पुढे केला, मी कागद त्यांच्या हातात दिला. सर पाणी प्यायले. ग्लास ठेवताना तो टेबलावर वाजला, आणि तो आवाज मला कुठल्याही गाण्यापेक्षा गोड लागला.

बाहेर कॉफीच्या काउंटरपाशी त्यांनी मला गाठलं. "हर्षाली, हे बसून बोलता आलं असतं."

"मला तुम्ही कधी बसायला सांगितलंत, सर?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "तुझ्या वडिलांची सगळी मूळ रेकॉर्डिंग्ज आहेत माझ्याकडे. मी उद्याच पाठवतो. मग संपलं ना?"

म्हणजे काही फॉरमॅट झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी रेकॉर्डिंग्ज आली. त्याच दिवशी पुरस्काराच्या यादीतून त्यांच्या डब्याचं नाव वगळलं गेलं. मी मुद्दाम परत प्रदर्शनात गेले. सरांच्या स्टॉलवर पांढरा कपडा टाकलेला होता आणि शेजारचा कॅमेरेवाला त्यावर आपली खोकी ठेवत होता. मी समोरच्या बाकावर बसून एक कॉफी प्यायले. सूड घेतल्यावर आतून रिकामं वाटतं असं म्हणतात. मला भरल्यासारखं वाटलं. मनात म्हटलं, संपलं.

रविवारी दुपारी आई अंगणात जवळा निवडत बसली होती. मी शेजारी बसून मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. बाबा ओरडले, खोकले, "आता बोलू का?" म्हणाले. आईचे हात थांबले. तिने सगळं ऐकलं, मग पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. मी तिला व्याख्यानाचं सांगितलं, कपडा टाकलेल्या स्टॉलचं सांगितलं. आणि म्हणाले, "बाबांना त्या दिवशी काहीच कळलं नाही गं. हात जोडले त्याला."

आईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बाजारात शिळी मासळी ताजी म्हणून विकतेय.

"तुना कोन बोलला, कललं नाय? त्या दिसाला संध्याकाळी आला न् जेवला नाय तो. मना बोलला, मास्तर चोर हाय. पन पोरीचं मार्क त्याच्या हातान हायेत. मी तोंड उघरलं तं तिचा वरीस जाल." तिने सुपातला कचरा बाजूला टाकला. "मी बोलली, मंग पोरीना सांग. तं बोलला, नको. वाटू दे तिना, बापाला काय कलत नाय. शिकू दे."

जवळ्याचा वास, वरून जाणारी कावळ्यांची रांग, आईच्या बोटांची सवयीची हालचाल. इतकी वर्षं मी सरांकडून एकाच गोष्टीचा हिशेब मागत होते. बसमध्ये खिडकीशी बसलेल्या त्या माणसाचा हिशेब मी मांडलाच नव्हता. उलट त्यालाच शिक्षा दिली होती, न बोलून, वर्षानुवर्षं. तिची भरपाई मला आता कुणाकडेच करता येणार नाही. पण ज्याच्यामुळे ती झाली तो माणूस अजून त्याच कॉलेजात होता, आता विभागप्रमुख म्हणून, आणि या हिवाळ्यातही पोरी आपापले प्रोजेक्ट त्याच्या टेबलावर ठेवून जात होत्या. त्या पोरींसाठी मी काही केलं असं म्हणायला छान वाटेल, पण ते खरं नाही. मला सरांना आणखी खाली आणायचं होतं.

सोमवारी सकाळी मी अर्ज लिहिला, प्रमाणपत्राची प्रत जोडली, पत्रकावरचा फोटो जोडला, मूळ रेकॉर्डिंग्ज पेनड्राइव्हवर घेतली. चपला घालताना आईने विचारलं, "कल्यानला?"

"हो. कॉलेजात."

"खाऊन जा," ती म्हणाली. "उपाशीपोटी भांडलीस तं आवाज लागत नाय."

मी बसून भाकरी आणि कालचं कालवण खाल्लं. आई समोर बसून राहिली, पुरेसं खातेय ना ते बघत.

प्राचार्यांच्या केबिनबाहेर सर होते. कुणीतरी त्यांना कळवलं असावं. ब्लेझर नव्हता, शर्टाची एक बाही दुमडायची राहिली होती. "हर्षाली," ते म्हणाले, "रेकॉर्डिंग्ज दिली ना मी? माझी दोन वर्षं राहिलीयत गं नोकरीची."

"माहितेय," मी म्हणाले.

आत गेले. प्राचार्यांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "जुनं प्रकरण आहे. अर्ज ठेवून जा, बघतो."

मी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले की पोच मिळेपर्यंत थांबते. क्लार्क जेवायला गेला होता. तो येऊन शिक्का मारेपर्यंत मी तिथेच बसून होते, आणि दाराच्या काचेतून सर मला दिसत होते, उभे.